पेशंटचं नाव

"पेशंटचं नाव?"

काउंटरवरच्या बाईने मान वर न करता विचारलं. मी म्हणाले, "मालन गाडेकर."

"वय?"

"एकतीस."

मालन गाडेकर म्हणजे मी. आणि माझं वय तेव्हा एक्केचाळीस. एकतीस वर्षांची पेशंट माझ्या शेजारच्या खुर्चीत ओढणी तोंडाशी धरून बसली होती आणि मी कुणाचा खिसा कापलाय अशा नजरेने माझ्याकडे बघत होती. तिचं नाव सुवार्ता रणभिसे.

"ताई, हे काय केलंस?" तिने कानाशी विचारलं.

"गप बस. आता तू मालन. हाक मारली की उठायचं."

"आणि तू कोण?"

"तुझी थोरली बहीण. शोभत नाही का?"

ती हसली. दहा दिवसांत पहिल्यांदा नीट हसली, नाहीतर त्या दिवसांत तिचं हसणंसुद्धा बघवत नव्हतं. नऊ रात्री तिने डोळ्याला डोळा लावला नव्हता. वॉर्डातली कपाटं रिकामी करून पुन्हा लावायची, फरशी पुसायची, एकाच दमात दहा गोष्टी बोलायची. त्याच्या दोन महिने आधी हीच पोरगी ड्युटी संपली की चादरींच्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसायची. मी विचारलं, काय होतंय गं? तर म्हणाली, "काही होत नाही ताई, तेच तर." त्या दिवशी मला भीती वाटली. पण पुण्याला या मानसोपचारवाल्या डॉक्टरांकडे आणायला मी अजून दोन महिने लावले, हेही सांगून टाकते.

आम्ही दोघी नगरला एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात होतो. मी इन्चार्ज सिस्टर, ती नवजात बाळांच्या वॉर्डात. सुवार्ता अठराव्या वर्षी श्रीरामपूरहून ट्रेनिंगला आली तेव्हा तिला पहिला धडा मीच दिला होता. लेबल तीनदा वाचायचं. बाटली कपाटातून काढताना एकदा, औषध भरताना एकदा, बाटली परत ठेवताना एकदा. ती आपली बोट लावून, ओठ हलवत वाचायची, शाळेतल्या पोरीसारखी. पुढे हात असा काही तयार झाला तिचा की विचारू नका. सव्वा किलोच्या बाळाचा हात म्हणजे केवढा, माझ्या करंगळीएवढा. त्यात शीर शोधून सुई घालायची. डॉक्टर लोक तीन-तीनदा टोचून दमायचे आणि मग म्हणायचे, रणभिसे सिस्टरला बोलवा. ही यायची, बाळाशी काहीतरी पुटपुटायची, आणि एका झटक्यात काम. बाळ रडायचंसुद्धा नाही. तिला त्याचा गर्व होता आणि तो असायलाच हवा होता.

आता नाव माझं का घातलं, ते सांगते.

आम्हा नर्सांना दर पाच वर्षांनी कौन्सिलकडे रजिस्ट्रेशन नवं करून घ्यावं लागायचं. ते नाही तर तुम्ही नर्स नाही, मग तुम्हाला कितीही येत असो. आमच्याकडे सगळ्यांचे फॉर्म हेडक्लार्क टेंभेकर भरायचे. सुवाच्य अक्षर, चष्मा नाकावर, माणूस शिस्तीचा. ते सगळं भरून आणायचे आणि जिथे सही हवी तिथे पेन्सिलने बारीक फुली मारायचे. आम्ही उभ्या-उभ्या फुलीवर सही करायची आणि पळायचं. वॉर्डात चाळीस पेशंट असताना कोण वाचत बसतंय? टेंभेकरच सांगायचे, "बायांनो, तब्येती सांभाळा. त्यात विचारतात, कधी मानसिक उपचार घेतलेत का. होय लिहिलं की संपलं." आणि वत्सला निकाळजे सिस्टरचं सगळ्यांना ठाऊक होतं. तिने बाळंतपणानंतर कुठे चार महिने गोळ्या घेतल्या होत्या. ट्रस्टला कळलं. तिला आधी स्टोअरमध्ये बसवलं, मग गोड बोलून राजीनामा घेतला. आमच्यासमोरची गोष्ट.

माझं रजिस्ट्रेशन नुकतंच झालं होतं. पुढची पाच वर्षं मला कोण विचारतंय? सुवार्ताचं सव्वा वर्षाने येणार होतं. हिशोब मी बसमध्येच केला होता.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," मी तिला म्हणाले. "तू बरी हो. नाव कुणाचं का असेना."

"मालन गाडेकर," आतून हाक आली. ती उठली नाही. मी तिला कोपराने ढोसलं तेव्हा उठली.

डॉ. धारणे म्हातारे होते, सावकाश बोलायचे. तासभर त्यांनी तिला विचारलं. मालनबाई झोप किती, मालनबाई घरी कोण कोण. ती एकदाही चुकली नाही. मग त्यांनी तिला लिथियम लिहून दिलं आणि समजावलं, मला नाही, तिला.

"गोळी चांगली आहे, पण लहरी आहे. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. अंगातलं पाणी कमी झालं की ही रक्तात चढते. जुलाब-उलट्या झाल्या तर गोळी बंद आणि लगेच मला फोन. दुखण्याची गोळी मनाने घ्यायची नाही. आणि दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर पहिलं वाक्य काय बोलायचं? मी लिथियमवर आहे. बोला बघू."

"मी लिथियमवर आहे," सुवार्ता म्हणाली.

"शाब्बास. बहीणबाई, तुम्हीपण लक्षात ठेवा."

मी मान डोलावली. जन्म नर्सिंगमध्ये गेला होता माझा, मला काय सांगतात असं वाटलं.

चौदा महिने गोळी तिला मानवली. इतकी मानवली की मीच विसरून जायचे. ती झोपायला लागली, जेवायला लागली, नाताळात क्वार्टर्समध्ये सगळ्यांना डोनट वाटत फिरली. दर तीन महिन्यांनी मी चादरींच्या खोलीत तिचं रक्त काढायची. बाटलीवर माझं नाव लिहायची. बाहेरच्या लॅबमध्ये द्यायची आणि रिपोर्ट माझ्या कपाटात ठेवायची. पेशंटच्या बाटलीवर दुसऱ्याचं नाव लागलं म्हणून मी शिकाऊ पोरींना रडेपर्यंत बोललेली बाई. आणि माझा हात एकदाही अडखळला नाही, कारण मी उपकार करत होते ना.

लॅबमधून बातमी कशी फुटायची ती फुटली. गाडेकर सिस्टर वेडाच्या गोळ्या घेतात म्हणे. एक दिवस टेंभेकरांनी मला बाजूला घेतलं आणि चष्मा पुसत विचारलं, "सिस्टर, सगळं बरं आहे ना?"

"मला काय धाड भरलीय?" मी म्हणाले.

"नाही, मी आपलं विचारलं."

रात्री हे सांगितल्यावर सुवार्ता हसून-हसून लोळली. मग उठून बसली. "ताई, तुला लोक वेडी म्हणतायत माझ्यापायी."

"म्हणू दे. इन्चार्जला सगळे तसंही वेडीच म्हणतात."

मग मे महिना आला. तिचा फॉर्म त्याच महिन्यात जायचा होता.

राहुरीला आमच्या एका स्टाफचं लग्न होतं. आम्ही बारा जणी गेलो. ऊन मरणाचं आणि मठ्ठा कुठल्या पाण्याचा केला होता देव जाणे. दुसऱ्या दिवशी बारातल्या सात आडव्या. सुवार्तालाही जुलाब लागले. पण वॉर्डात माणूस नाही म्हणून ही दीड दिवस तशीच ड्युटी करत राहिली. अंग ठणकतंय म्हणून वॉर्डातली दुखण्याची गोळी खाल्ली, एक नाही, चार. ते मला नंतर कळलं. लिथियमसुद्धा चालूच ठेवलं होतं. चौदा महिन्यांत एक दिवस चुकवलं नव्हतं, आता फॉर्मच्या तोंडावर चुकवलं आणि पुन्हा तसं झालं तर, ही भीती.

सकाळी साडेदहाला मी तिच्या खोलीवर गेले. ती पलंगाच्या काठावर बसली होती आणि चपलेत पाय घालायला बघत होती. पाय चपलेच्या शेजारी पडत होता. पुन्हा उचलायची, पुन्हा शेजारी.

"सुवार्ता, गोळी घेतलीस का आज?"

"घेतली."

"अगं बंद करायची ना. काय सांगितलं होतं त्यांनी?"

"ताई, ओरडू नकोस," ती म्हणाली. शब्द जरा ओढून येत होते.

मी तिला खुर्चीवर घालून कॅज्युअल्टीत नेलं. डॉ. नाईकवाडी ड्युटीवर होते, नवीन मुलगा, नम्र. सातातल्या चौघी तिथेच सलाइन लावून पडल्या होत्या. आणि टेंभेकर वही घेऊन उभे होते, कुणाची किती दिवसांची रजा धरायची ते लिहायला. स्टाफचा केसपेपर नंतर त्यांच्याच टेबलावर जायचा. प्रत्येक पान ते वाचायचे, कामच होतं त्यांचं.

"याही त्याच लग्नातल्या का?" नाईकवाडींनी विचारलं.

"हो."

त्यांनी नाडी बघितली, बीपी बघितलं, पोट दाबलं. मग केसपेपर पुढे ओढला. "सिस्टर, यांना काही औषधं चालू आहेत का? बीपी, थायरॉइड, आणखी काही?"

सुवार्ताचा हात माझ्या हातात होता. तिने बोटं आवळली. टेंभेकरांनी वहीतून वर बघितलं. तशी कुणीही हाक न मारता माणसं वर बघतात तेवढंच. सुवार्ताने माझ्याकडे बघून ओठ हलवले. आवाज निघाला नाही, पण मला कळलं. फॉर्म.

"नाही," मी म्हणाले. "काही नाही."

नाईकवाडींनी तसं लिहिलं. मी त्यांना लिहिताना बघितलं. सलाइन लागलं, उलटीचं इंजेक्शन दिलं. अंग दुखतंय म्हणाली म्हणून दुखण्याचंही दिलं. तिथली सिस्टर ते भरत होती आणि मी दोन हातांवर उभी होते. माझ्या डोक्यात आलं, धारणे म्हणाले होते दुखण्याची गोळी नको. मग मी मनाशी म्हणाले, गोळी म्हणाले होते, आणि हे तर एकच इंजेक्शन. अशी मी स्वतःची समजूत घातली. वीस वर्षं नोकरी केलेली बाई.

दुपारी मी क्वार्टरवर येऊन पुण्याला फोन लावला. एका मुलीने उचलला. "डॉक्टर परगावी आहेत, मी त्यांची असिस्टंट डॉक्टर. कोण बोलतंय?"

"मालन गाडेकर," सवयीने तोंडातून गेलं.

"थांबा, फाइल काढते." कागदांचा आवाज आला. "हां, बोला मालनताई. काय होतंय तुम्हाला?"

तेव्हा मी सांगायला हवं होतं, की बाई गं, मालनला काहीच झालेलं नाही, पेशंट दुसरीच आहे, तिची जीभ जड झालीय. पण फाइल तिच्यासमोर उघडी होती, चौदा महिन्यांची, माझ्या नावाची. एवढं सगळं उलगडायचं तर कुठून सुरुवात करायची? मी म्हणाले, "जुलाब होतायत दोन दिवस. हात थरथरतात. चालताना तोल जातो."

"बोलणं तर अगदी साफ आहे तुमचं," ती म्हणाली. "जीभ जड नाहीये, ते चांगलं आहे. तरी गोळी बंद करा आणि तिथल्या डॉक्टरांना सांगून आजच्या आज रक्तातलं लिथियम बघून घ्या. आजच हं."

मी त्यातलं पहिलं वाक्य घट्ट धरून बसले. बोलणं साफ आहे. ते माझं बोलणं होतं.

संध्याकाळी सुवार्ता मला बघून म्हणाली, "ता...ई." मध्ये खड्डा पडला शब्दात. मी म्हणाले, "अशक्तपणा आहे, झोप." तिची गोळ्यांची बाटली मी पर्समध्ये घालून ठेवली होती. गोळी बंद झाली आणि सलाइन चालू आहे, म्हणजे निम्मं काम झालं असं मी धरून चालले होते. अजून एक दिवस, म्हटलं. सुधारली नाही तर उद्या सांगते. फॉर्म जायला आठ दिवस होते. आठ दिवस सांभाळले की पुढे पाच वर्षं.

सकाळी सातला तिला पहिली फिट आली. मी तिथेच होते. फिट थांबली तेव्हा मी नाईकवाडींचा हात धरला आणि म्हणाले, "ती लिथियमवर आहे. चौदा महिने."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "काल मी विचारलं होतं, सिस्टर," एवढंच म्हणाले आणि पळाले.

मी क्वार्टरवरून फाइल आणली. पहिल्या पानावर माझं नाव, आत तिचं रक्त. रिपोर्ट येईपर्यंत दुसरी फिट आली. आकडा जेवढा असायला हवा त्याच्या चौपट होता. डायलिसिसला पुण्याला हलवलं. अँब्युलन्समध्ये सगळा रस्ता मी तिच्या हाताची नाडी धरून बसले होते. काउंटरवर पुन्हा विचारलं, पेशंटचं नाव? या वेळी मी खरं सांगितलं.

अकरा दिवसांनी ती शुद्धीवर आली. जीव वाचला. पण गोळीने मेंदूचा जो भाग दुखावला तो परत आला नाही. तिथल्या डॉक्टरांनी मला बाहेर बसवून सांगितलं की तोल, बोलणं आणि हाताची थरथर यांतलं फारसं काही सुधारणार नाही. चोवीस तास आधी कळलं असतं तर? मी विचारलं. ते म्हणाले, "ते आता कशाला?" मला उत्तर मिळालं.

टेंभेकरांना सगळं कळलं होतं. केसपेपर त्यांच्याच टेबलावर गेला. मी रोज वाट बघायची, आज बातमी फुटेल, आज ट्रस्टचं बोलावणं येईल. त्या माणसाने कुणाला अवाक्षर सांगितलं नाही. उलट सुवार्ताची रजा आजारपणाची म्हणून लावली आणि तिचा फॉर्म बाजूला काढून मुदत वाढवून घेतली. ज्याला घाबरून आम्ही हे केलं तो असा निघाला, आता कुणाला काय म्हणायचं?

सप्टेंबरात मी तो फॉर्म घेऊन श्रीरामपूरला गेले. सुवार्ताने निरोप पाठवला होता, ताई फॉर्म घेऊन ये. टेंभेकरांना तो भरता आला नव्हता, बरीच माहिती नवी लागणार होती. "तुम्हीच तिच्या तोंडून भरून आणा," ते म्हणाले. फुल्या मात्र मारून ठेवल्या होत्या.

तिची आई, मार्थाबाई, दारातच माझ्या गळ्यात पडली. "सिस्टर, तुमच्यामुळे पोरगी राहिली माझी. तुम्ही पुण्याला नेलंत, तुम्ही रात्रंदिवस बसलात. देव तुमचं भलं करो." मला चिकन-भाकरी वाढली. आग्रह करकरून वाढली. सुवार्ताने आईला काही सांगितलं नव्हतं. मीही नाही सांगितलं. मी ते जेवण जेवले.

सुवार्ता खिडकीशी खुर्चीत होती. मांडीवर दोन्ही हात, आणि ते हात सारखे थरथरत होते. आई पाण्याचा पेला तिच्या तोंडाला लावायची. बोलणं तुटक, एकेक शब्द शोधून मांडल्यासारखं. डोकं मात्र लख्ख, पहिल्यासारखं.

आई भांडी घासायला मागे गेली तेव्हा मी म्हणाले, "सुवार्ता, मला बोलायचंय. त्या दिवशी कॅज्युअल्टीत..."

"ताई." तिने मला थांबवलं. मग बराच वेळ घेऊन म्हणाली, "तू नाही म्हणालीस ना... तेव्हा मला... किती बरं वाटलं."

मला वाटलं होतं ती मला शिव्या देईल. मी त्यांचीच तयारी करून गेले होते. शिव्यांनी निभावलं असतं. मी पदर तोंडात धरून रडले, चाळिशी उलटलेली बाई, लहान पोरीसारखी. ती तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत राहिली.

"रडू नको," ती म्हणाली. "फॉर्म काढ. हात... येतील परत. तोवर... रजिस्ट्रेशन जायला... नको."

हात येणार नव्हते. ते मला माहीत होतं आणि मला वाटतं तिलाही माहीत होतं. मी फॉर्म काढला, चष्मा लावला. नाव, पत्ता, शिक्षण, ट्रेनिंगचं वर्ष, मी लिहीत गेले. दहा प्रश्न झाले. अकरावा मी मनातच वाचला आणि माझा हात थांबला.

"काय... झालं?"

"काही नाही."

"मोठ्याने वाच."

मी वाचलं. "आपणांस सध्या असा कोणताही शारीरिक अथवा मानसिक आजार आहे काय, की ज्यामुळे परिचर्येचे काम करणे आपणांस शक्य होत नाही? होय, नाही." आणि खाली बारीक अक्षरात एक ओळ होती. "उपचार घेऊन काम करणे शक्य असल्यास 'नाही' असे नमूद करावे."

मागे भांड्यांचा आवाज येत होता.

कधी उपचार घेतले का, असं त्यात कुठेच नव्हतं. मी उलटसुलट करून सगळी पानं बघितली. नंतर टेंभेकरांना विचारलं तेव्हा ते फॉर्म हातात घेऊन माझ्यासमोर खाली बसले. म्हणाले, "जुन्या फॉर्मात होतं हो. हा कधी बदलला ते मी बघितलंच नाही. मी आपलं मागच्यावरून उतरवत आलो." त्यांना काय बोलणार? मीही त्या नव्या फॉर्मवर, सुवार्ताच्या दीड वर्ष आधी, सही केली होती. फुलीवर. एक अक्षर न वाचता.

म्हणजे चौदा महिने, ज्या दिवसांत ती गोळी घेऊन सव्वा किलोच्या पोरांना सुया लावत होती, त्या प्रत्येक दिवशी तिचं खरं उत्तर 'नाही' असंच होतं. लपवायचं काही नव्हतंच. तिला पुण्याच्या काउंटरवर सुवार्ता रणभिसे म्हणून उभं राहता आलं असतं. त्या सकाळी मला नाईकवाडींना सांगता आलं असतं. टेंभेकरांनी ते वाचलं असतं आणि मुकाट्याने फाइलला लावलं असतं.

"पुन्हा वाच," सुवार्ता म्हणाली.

"कशाला गं?"

"वाच."

मी दुसऱ्यांदा वाचलं. ती डोळे मिटून ऐकत होती आणि तिचे ओठ हलत होते, पहिल्या वर्षाला असताना हलायचे तसे.

"अजून... एकदा. तीनदा... वाचायचं. तूच... शिकवलंस."

तिसऱ्यांदा मी कसं वाचलं मला आठवत नाही. वाचून झाल्यावर मी फॉर्मची घडी घालायला लागले. म्हटलं, "राहू दे हा. मुदत मागू अजून. वर्षभराने भरू."

"दे इकडे."

"सुवार्ता, तुला नाही जमणार."

"पेन... दे."

मी पाट तिच्या मांडीवर ठेवला, त्यावर फॉर्म ठेवला, पेन तिच्या बोटांत दिलं. पेन दोनदा पडलं. तिसऱ्यांदा तिने उजवं मनगट डाव्या हाताने दाबून धरलं. मी हात पुढे केला तर तिने मानेने नको म्हटलं. अकराव्या प्रश्नासमोर 'नाही'ची चौकट होती आणि 'होय'ची. तिने 'होय'वर खूण केली. ती चौकटीत राहिली नाही, पार बाजूच्या ओळीपर्यंत गेली.

मग पान उलटून तिने टेंभेकरांची फुली शोधली. सहीला पाच मिनिटं लागली असतील, जास्तच. नाव तिने पुरं लिहिलं. सुवार्ता शमुवेल रणभिसे. आजारपणाच्या कागदावर स्वतःचं नाव तिने त्या दिवशी पहिल्यांदा लिहिलं. ते वाकडंतिकडं होऊन दोन ओळी खाली उतरलं होतं, पण वाचता येत होतं.

"आता... नीट पोचव," ती म्हणाली. "टेंभेकरांना... सांग, वाचून... घ्या म्हणावं."

मार्थाबाई हात पुसत आल्या. "झाला का फॉर्म भरून?" त्यांनी विचारलं.

"झाला, आई," सुवार्ता म्हणाली.

मी फॉर्म पिशवीत ठेवला आणि साडेचारची एसटी धरली.